एवढा तळ होऊ दे

मी पहिला वाडगा कातून पूर्ण केला त्या दिवशी आमचं स्वयंपाकघर दीड फुटानं लांब झालं.

हे आधी माझ्या बायकोच्या, नलिनीच्या लक्षात आलं. तिनं मागच्या गॅलरीच्या दारात येऊन सांगितलं की या दारापासून ओट्यापर्यंत अकरा फरश्या होत्या, आता साडेबारा आहेत. मी हातावरचा भुसा झटकला, टेप काढली आणि मोजलं. साडेबारा फूट भरले. वाढलेल्या तुकड्यात फरशी तीच होती, बदामी, काळ्या ठिपक्यांची. भिंतीवर फोडणीचे जुने डागसुद्धा होते. नवीन काम म्हणून कुठे ओळखू येत नव्हतं. गवंडी चांगला होता म्हणायचं.

"दूध उतू जायला लागलं तर आता धावत जायला उशीर होणार," नलिनी म्हणाली.

"दीड फुटानं काय होतंय," मी म्हणालो.

तीस वर्षं मी सरकारी भूमापक होतो. कुडाळपासून देवगडपर्यंत लोकांच्या बांधांवर साखळी धरून उभा राहिलो, सख्ख्या भावांच्या एकमेकांना दिलेल्या शिव्या मधल्या मधे खाल्ल्या. त्या नोकरीत मी एकच गोष्ट शिकलो, की जागा वाढत नसते. एकाची वाढलेली दिसली की दुसऱ्या कुणाची तरी कमी झालेली असते. म्हणून मी बाहेर जाऊन घराला फेरी मारली. बाहेरून स्वयंपाकघराची भिंत अकरा फूटच होती. मग गॅलरी मोजली. सहा फूट रुंदीची गॅलरी दोन बोटं कमी भरली. थोडी जागा कुठून गेली ते कळलं. बाकीची कुठून आली ते कळलं नाही, पण निवृत्त माणसानं प्रत्येक गोष्टीच्या हात धुऊन मागे लागू नये.

वाडग्यांचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. सावंतवाडीच्या एका कारागिरानं लाकडी फळं करायचं सोडलं, त्याचं लेथ मशीन मी घेतलं आणि गॅलरीत बसवलं. भुसा आत येऊ नये म्हणून गॅलरीला दोन दारं करून घेतली, एक स्वयंपाकघरात जाणारं, एक परसात उतरणारं. दोन्ही गॅलरीच्या आत उघडणारी. सुतार म्हणाला होता, बाहेर उघडणारी करूया. मी ऐकलं नाही. बाकीचे निवृत्त लोक पत्ते खेळतात, सकाळी फिरायला जाऊन एकमेकांना रक्तदाब विचारतात. मला मशीन बरं वाटलं. ते सुरू असलं की कुणाशी बोलावं लागत नाही.

काम सोपं आहे. ओला ठोकळा मशीनवर बसवायचा, तो फिरायला लागला की गोल तोंडाची पटाशी टेकवायची. आधी बाहेरचा आकार, मग आतलं लाकूड पोखरायचं. ओल्या लाकडाला घाई चालत नाही. जाड वाडगा कातून तो चार-सहा महिने सावलीत ठेवायचा, दर रविवारी तोलायचा आणि वजन पेन्सिलीनं बुडावर लिहायचं. वजन उतरायचं थांबलं की वाळला. मग पुन्हा मशीनवर चढवून पातळ करायचा, घासायचा, जवसाचं तेल द्यायचं. तळ मात्र अंगठ्याएवढा जाड राखायचा. तळ किती राहिला ते डोळ्यांनी दिसत नाही, बोटाचं पेर त्यावर वाजवून ऐकावं लागतं. या छंदात पडलेल्या प्रत्येकानं एकदा तरी तळ फोडलेला असतो. मी फोडला नव्हता. मोजणीवाला माणूस.

दुसऱ्या वाडग्याला स्वयंपाकघर दोन फूट वाढलं, तिसऱ्याला सव्वादोन. मग मी मुद्दाम एक छोटी वाटी कातून बघितली, लोणच्यापुरती. चार बोटं वाढलं. लाटणं कातलं तेव्हा काहीच झालं नाही. तेव्हा गोष्ट सरळ होती. मी लाकडाच्या आत जी पोकळी करायचो ती वाडग्यात मावूनही उरत होती, आणि उरलेली घरात जात होती. उलटं करून बघितलं. वाडगा तांदळानं काठोकाठ भरला. घर आखडलं नाही. पोखरून काढलेल्या ढलप्या परत चिकटवाव्यात म्हटलं तर नलिनीनं त्या बंबात घालून अंघोळीचं पाणी तापवलेलं होतं.

ती याबद्दल फारसं बोलली नाही. ओट्याशी एक स्टूल नेऊन ठेवलं, कारण येऊन जाऊन पाय दुखायला लागले होते. वाडगे तिला आवडायचे. तयार झालेला प्रत्येक वाडगा ती हातात घ्यायची, काठावरून बोट फिरवायची आणि आत घेऊन जायची. पाहुण्याला एकही देऊ दिला नाही.

सातव्या वाडग्याच्या वेळची गोष्ट मला सांगितली पाहिजे.

त्या दिवशी ती शेजारच्या उज्ज्वला मुणगेकरबरोबर गोव्याला गेली होती. आदल्या आठवड्यात तिच्या तपासण्या झाल्या होत्या, त्यांचे रिपोर्ट आणायचे होते. मी जाणार होतो. पण आंब्याचा वाडगा पुरता वाळला होता आणि मशीनवर चढवलेला होता, म्हणून उज्ज्वला गेली. दुपारी नलिनी परत आली. बाहेरची साडी, खांद्याला पिशवी तशीच, हातात खाकी लिफाफा. ती दारात उभी राहिली. माझी पटाशी तेव्हा काठावरून आत उतरत होती. काठापासून तळापर्यंतचा शेवटचा काप एका दमात न्यावा लागतो. मधे पटाशी उचलली की तिथे कड पडते आणि ती कड कितीही घासली तरी बोटाला लागते. नलिनी काहीतरी म्हणाली. मशीन चालू होतं, मला फक्त ओठ दिसले.

"एवढा तळ होऊ दे," मी म्हणालो.

ती दाराच्या चौकटीला टेकली. काप तळाच्या मध्यापर्यंत गेला, छान गेला. मग मी पटाशी खाली ठेवली आणि पॉलिश पेपर घेतला. आधी जाड, मग मध्यम, मग बारीक. बारीक पेपर लावताना मान वर केली तेव्हा ती दारात नव्हती.

तळ केव्हाच झाला होता. मला भीती वाटत होती. तिचा चेहरा बघून मला कळलं होतं की लिफाफ्यात काहीतरी आहे, आणि मी घासत राहिलो तर ते अजून थोडा वेळ लिफाफ्यातच राहणार होतं.

तेलाचा हात देऊन मी आत गेलो तेव्हा ओटा खूप लांब होता. एका वाडग्यात पंचावन्न फूट. नलिनी स्टुलावर पाठमोरी बसली होती. मी इकडून ओरडून विचारलं, डॉक्टर काय म्हणाले. तिनं वळून बघितलं, कानाला हात लावला. मी पुन्हा ओरडलो. ती काहीतरी बोलली, त्यातलं मला "जेवायला" एवढंच ऐकू आलं. काही गोष्टी अशा ओरडून विचारायच्या नसतात आणि ओरडून सांगायच्याही नसतात. संध्याकाळी जवळ जाऊन विचारू असं मी ठरवलं. संध्याकाळी शिवणीच्या लाकडाचा ठोकळा चढवला.

त्यानंतर प्रत्येक वाडगा आधीच्याहून जास्त घर वाढवायला लागला. ओटा दिसायचा, पण त्यावरची भांडी वेगळी ओळखू येईनात. पुढच्या दारानं जाऊन बघितलं. पुढच्या खोलीचं दार स्वयंपाकघराच्या माझ्याच टोकाला उघडत होतं, ओटा तितकाच लांब. ओट्याशेजारी भांडी घासायच्या मोरीचं एक दार होतं, त्यातून उज्ज्वला तिच्याकडे येते-जाते असं ऐकलं. बाहेरून मला ते दार सापडलं नाही. बाहेरून अकरा फुटांची सलग भिंत होती आणि तिच्यावर वेल चढला होता.

फोन करून बघितला. रिंग खूप लांबून ऐकू आली. तिनं उचलला, पण फोनमधून मला माझ्याच मशीनचा आवाज आला. मशीन तेव्हा बंद होतं.

जेवणाची सोय मी केली. दोन लाकडी कप्प्या कातल्या, एक माझ्या दारावर ठोकली, एक सायकलवरून जाऊन ओट्याच्या वर ठोकली, आणि मधून दोरीचा फेरा घातला. मी तिथवर गेलो ते तेव्हाच शेवटचं. त्या दिवशी ती घरी नव्हती, उज्ज्वलाबरोबर गेली होती. ओट्यावर माझी भाकरी झाकून ठेवलेली होती. लिफाफा मी शोधला नाही. त्यानंतर दोरीवरून डबा यायचा. सकाळी निघालेला डबा सुरुवातीला गरम पोचायचा, मग कोमट, मग जेवायची वेळ टळून गेल्यावर गार. आमटीत मीठ मात्र कधी चुकलं नाही. दर वाडग्यानंतर मी दोरीला नवी दोरी जोडायचो आणि तयार वाडगा मोकळ्या डब्याबरोबर बांधून तिच्याकडे पाठवायचो.

एकदा मोकळ्या डब्यात मी चिठ्ठी ठेवली. "डॉक्टर काय म्हणाले?" दुसऱ्या दिवशी तीच चिठ्ठी परत आली. खाली तिच्या अक्षरात लिहिलं होतं, "समोर या, मग सांगते."

मी थांबायला हवं होतं. हे कळायला भूमापक असायची गरज नाही. पण मशीन बंद केलं की शांतता व्हायची, आणि शांततेत मला भीती वाटायची. मशीन लावलं की काही वाटायचं नाही. मला काही न वाटणं आवडायला लागलं होतं. गॅलरी आता साडेतीन फूट राहिली होती. पाठीमागच्या भिंतीला टेकून काम करायची सवय झाली.

लाकडासाठी मी सगुण राऊळच्या सॉ मिलवर जायचो. सगुण माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, लाकडाचा जाणकार. त्यानं एक मोठा फणसाचा ठोकळा माझ्यासाठी बाजूला ठेवला होता. दोन माणसांनी उचलावा एवढा.

"काका, ह्यो न्हेवा. ओलो आसा अजून, पण रंग बघलास? नुसती हळद," तो म्हणाला. ठोकळा टेम्पोत चढवताना त्यानं विचारलं, "काकी बरी आसा मा? काल स्टँडार दिसली. खूप दमलेली वाटली."

"आहे," मी म्हणालो. "जरा लांब असते."

सगुणनं माझ्याकडे बघितलं आणि बघायचं थांबवलं. टेम्पोत बसल्यावर मला कळलं की काल स्टँडवर उभ्या असलेल्या कुणालाही नलिनी दिसली असणार. वडापाववाल्याला दिसली असणार. कंडक्टरनं तिला तिकीट दिलं असणार, बोटाला बोट लागण्याइतक्या अंतरावरून. फक्त मलाच ती लांब होती. मला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं घरी पोचेपर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फणस मशीनवर बसवला, बाहेरचा आकार काढला. लाकूड इतकं ओलं होतं की तोंडावर पाणी उडत होतं. आतून पोखरायला सुरुवात करणार, तेवढ्यात काय झालं मला माहीत नाही, मी मशीन बंद केलं, पाण्याची बाटली घेतली आणि स्वयंपाकघरात चालायला लागलो.

भूमापकाची पावलं आपोआप मोजली जातात. चारशे पावलांवर फ्रिज लागला. तो चालू होता, वायर फरशीवरून पुढे गेली होती. नऊशे पावलांवर दिनदर्शिका, महिना जुना. त्यानंतर भिंतीच्या कडेनं माझे वाडगे सुरू झाले. तिनं ते फरशीवर ओळीनं मांडले होते, ज्या क्रमानं मी केले त्याच क्रमानं, दोन वाडग्यांमधे पन्नासेक पावलं. मी प्रत्येकात वाकून बघत गेलो.

पहिल्यात लसूण होती. दुसऱ्यात आमसुलं. तिसऱ्यात बटणं, सुया आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ. पुढच्या तीन वाडग्यांत जिरं, सुपारी, रबरबँड. सातवा वाडगा, तो आंब्याचा, रिकामा होता. त्याचा तळ मी त्या दिवशी इतका घासला होता की खिडकीचा उजेड त्यात दिसत होता. त्यात तिनं काहीच ठेवलं नव्हतं.

आठव्यापासून गोळ्यांची पाकिटं होती. आधी भरलेली, मग अर्धी, मग नुसती चांदीची मोकळी पाकिटं. एका वाडग्यात हाताला लावायच्या सुईची प्लास्टिकची टोपी होती, कापूस होता. शिवणीच्या वाडग्यात लिंबं होती, सुकलेली. तोंडाला चव नसली की ती लिंबू चाटते, हे मला पूर्वी माहीत होतं. सर्वांत शेवटच्या वाडग्यात केस होते. नीट गुंडाळी करून ठेवलेले, टोकांना मेंदीचा रंग, मुळाशी पांढरे. मी त्यांना हात लावला नाही.

तिथून ओटा दिसत होता. वर दिवा लावलेला होता, दिवसाही. स्टुलावर ती बसली होती, डोक्याला सुती रुमाल बांधून, विळीवर काहीतरी चिरत होती. एवढी लहान दिसत होती की करंगळीच्या नखानं झाकली असती. पण चालत पाच मिनिटांचं अंतर होतं, जास्त नाही. तिनं मान वर केली असती तर मी तिला दिसलो असतो.

मी तिथे उभा राहिलो आणि मला आठवलं की फणस मी उघडाच टाकून आलो होतो. ओलं लाकूड मशीनवर वाऱ्यात राहिलं तर काठाशी तडकतं. नुसतं ओलं गोणपाट टाकलं असतं तरी चाललं असतं, पण मी टाकलं नव्हतं. एवढा मोठा ठोकळा पुन्हा मिळाला नसता. मी असा विचार केला की फणस झाकून उद्या सकाळी लवकर निघू, म्हणजे तिच्यापाशी बसायला सगळा दिवस मिळेल.

मी परत फिरलो. मला लाज वाटत होती. लाज वाटत वाटत मी सगळं अंतर चाललो, केसांवरून, लिंबांवरून, रिकाम्या वाडग्यावरून, आणि एकदाही मागे बघितलं नाही.

गॅलरीत पोचलो तेव्हा उन्हं परसातल्या केळीवर आली होती. फणसाच्या काठाला केसाएवढी चीर पडली होती. झाकून आता उपयोग नव्हता. लगेच पोखरून भिंत पातळ केली तर लाकडाचा ताण सुटतो आणि चीर तिथेच थांबते. मी पटाशी घेतली. पिवळी ओली ढलपी लांबच लांब निघायला लागली, दोरीसारखी. चीर थांबली. तळ अंगठ्याएवढा जाड राखला. मशीन बंद करून मागे सरकलो तर सरकायला जागा नव्हती. भिंत माझ्या पाठीला लागलेली होती.

स्वयंपाकघराचं दार ओढून बघितलं. ते बोटभर उघडलं आणि मशीनच्या पायाला अडलं. परसाचं दारही तेवढंच उघडलं. दोरी दाराच्या फटीत चेमटली होती. सुतार बरोबर होता.

मी हाका मारल्या नाहीत. सवयीनं वाकलो आणि तळ किती राहिलाय ते बघायला पेर वाजवलं. आवाज भरीव आला. त्याच्या पाठोपाठ, त्याच लाकडातून, विळीवर काहीतरी चिरल्याचा आवाज आला. मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा.

मी वाडग्यात तोंड घातलं. आत फणसाचा गोड ओला वास होता.

"नलिनी."

चिरण्याचा आवाज थांबला.

"बोला," ती म्हणाली. तिचा आवाज इतका जवळ होता की मला तिच्या श्वासातली घरघर ऐकू आली. ती पूर्वी नव्हती.

"रिपोर्टमध्ये काय आहे?"

विळीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

"थांबा," ती म्हणाली. "एवढं हातातलं होऊ दे."

मी थांबलो. वाडग्यात तोंड घालून, पाठीला भिंत, पोटाला मशीनचं लोखंड. ती चिरत राहिली, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी. दारात उभं राहून वाट बघताना तिला कसं वाटलं असेल ते मला तेव्हा कळलं. ते कळून घ्यायला मला एकतीस वाडगे लागले.

मग नळ सुटला, बंद झाला. पदराला हात पुसल्याचा आवाज आला. स्टूल ओढलं गेलं. ती बोलायला लागली. "त्यांनी सांगितलंय की आता," इथपर्यंत मला नीट ऐकू आलं, आणि पुढचं लाकडात मुरलं. ती बोलत होती, मला तिचा सूर कळत होता, कुठे थांबते ते कळत होतं, शब्द कळत नव्हते. अंगठ्याएवढं लाकूड मधे होतं.

मी मशीन लावलं आणि तळावरून एक काप काढला. लांब कुठेतरी फरश्या एकामागून एक बसत गेल्याचा आवाज आला. एक काप म्हणजे तिकडे कोसभर. भिंतीनं मला पुढे ढकललं. मशीन बंद केलं, पेर वाजवलं. आवाज जरा वर चढला होता. तिचा सूर स्पष्ट झाला, शब्द नाही. आणखी एक काप काढला. तिचं बोलणं ऐकायचं असेल तर तिला लांब सारावं लागत होतं, दुसरा मार्ग नव्हता. मी सारत गेलो. पाचव्या कापाला तळ करंगळीएवढा राहिला असेल. मशीन बंद केलं तेव्हा ती बोलायची थांबली होती.

"नलिनी, मला ऐकू नाही आलं. पुन्हा सांग."

"सगळं सांगितलं की," ती म्हणाली. आता प्रत्येक शब्द नीट येत होता. "पुन्हा नाही सांगवत मला. दम लागतो."

"मग मी काय करू?"

"वाचून घ्या," ती म्हणाली. कागद उलगडल्याचा आवाज आला.

मी पुन्हा मशीन लावलं. आता भिंत दोन्ही खांद्यांना होती आणि हात फक्त कोपरापासून पुढे हलत होते, तेवढे पुरेसे होते. तळ पातळ होत गेला. आधी तो पिवळा होता, मग मधासारखा, मग त्याच्यातून उजेड यायला लागला. तिच्या ओट्यावरचा दिवा. लाकडाच्या रेषा त्यात दिसत होत्या, आणि एक सावली पुढे आली. दोन हातांची सावली, मधे चौकोनी कागद. तिनं तो कागद पलीकडून तळाला चिकटवून धरला.

अक्षरं दिसली. धूसर होती आणि मागच्या बाजूनं उलटी, पण टाईप केलेली होती. मोजणीच्या नकाशांचे कागद मी जन्मभर पाठीमागून वाचत आलो, मला ते जमतं. वरती तिचं नाव होतं, ते वाचता आलं. वय, ते वाचता आलं. खाली एकच ओळ होती. तिच्यासाठी अजून एक काप हवा होता, कागदाएवढा पातळ, काठापासून मध्यापर्यंत, एका दमात. मधे थांबून चालणार नव्हतं.

"दिसतंय का?" नलिनीनं विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण छातीत श्वास घ्यायला जागा नव्हती. पटाशी काठावर टेकवली आणि आत उतरवली. वाडगा माझ्या तोंडासमोर गरगर फिरत होता. अक्षरं मात्र फिरत नव्हती, ती जागच्या जागी होती, तिनं धरून ठेवली होती. पटाशी त्या ओळीपाशी आली. पहिला शब्द वाचायला मी डोळे बारीक केले, आणि बरोबर त्याच शब्दावर तळाला टाचणीएवढं भोक पडलं आणि पांढरा उजेड आत आला.